शुक्रवारची पोटदुखी : घटस्फोटानंतरचे भांडण आणि मुलांचे आरोग्य

काही वर्षांपूर्वी दहा वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्या दवाखान्यात येऊ लागली. तक्रार एकच, पोटदुखी. बेंबीभोवती दुखते, जेवण जात नाही, कधी मळमळते. पोट तपासले तर मऊ; ताप नाही, वजन वयाला साजेसे. जंताचे औषध देऊन झाले, लघवीची आणि शौचाची तपासणी झाली, सोनोग्राफीही झाली. कोठेच दोष आढळला नाही. तरी पंधरा दिवसांनी मुलगी पुन्हा समोर हजर. एकदा केसपेपरवरच्या तारखा सहज नजरेखालून घातल्या, तेव्हा लक्षात आले की प्रत्येक खेप शुक्रवारच्या संध्याकाळची किंवा शनिवारच्या सकाळची होती, आणि तीही एकाआड एक आठवड्याची. आईला विचारले. दीड वर्षापूर्वी घटस्फोट झाला होता, आणि महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी मुलीने वडिलांकडे राहायला जायचे, असा न्यायालयाचा आदेश होता.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. त्या बाईंनी माझ्याकडे प्रमाणपत्र मागितले होते. 'मुलगी पोटदुखीने आजारी असून तिला प्रवास झेपणार नाही' असे मी लिहून दिले. मुलगी खरोखरच कळवळत होती, त्यामुळे लिहिलेले खोटे नव्हते. पुढच्या वेळी पुन्हा दिले, त्याच्या पुढच्या वेळीही दिले. ती तिन्ही प्रमाणपत्रे न्यायालयात सादर झाली, हे मला कळले ते मुलीचे वडील दवाखान्यात आले तेव्हा. ते भांडायला आले असावेत असे वाटून मी सावध बसलो. त्यांनी प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रती टेबलावर ठेवल्या आणि एवढेच म्हणाले, "डॉक्टर, पोरीचं पोट दुखतंय हे मला कोर्टात कळलं. एक फोन तरी करायचात." माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोघांच्या भांडणात मी सहीशिक्क्यानिशी सामील झालो होतो, आणि मुलीचे दुखणे होते तेथेच होते.

पुढच्या खेपेस मी आईला बाहेर बसण्याची विनंती केली. आमच्या सिस्टर तेवढ्या जवळ थांबल्या. बराच वेळ शाळेच्या, मैत्रिणींच्या गोष्टी झाल्या आणि मग मुलगी आपणहून बोलू लागली. "तिकडून आले की आई विचारते, काय केलं, काय खाल्लं, कोण कोण होतं. मजा आली म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. नाही आली म्हटलं की ती वकिलांना फोन करते. तिकडे गेले की आत्या विचारते, आई आमच्याबद्दल काय बोलते. बाबांनी घेतलेला फ्रॉक इथे घालता येत नाही. पोट दुखायला लागलं की कोणी काही विचारत नाही, डॉक्टरकाका."

वाचकहो, तीस वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय करताना मी असंख्य पोटे तपासली आहेत. इतके अचूक निदान रुग्णानेच हाती ठेवल्याचे प्रसंग फार थोडे. आजचा लेख त्या निदानाविषयी आहे.

दुखणे खरे, त्याचे मूळ वेगळे

अशा वेळी घरातून दोन प्रतिक्रिया येतात. एक म्हणते, "नाटक करते आहे." दुसरी म्हणते, "तिकडचं बाहेरचं खाऊन पोट बिघडतं." दोन्ही चुकीच्या. मुलांच्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी केला. १९५८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने एक हजार शाळकरी मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. किमान तीन महिन्यांच्या काळात, रोजच्या व्यवहारात अडथळा येईल इतकी तीव्र पोटदुखी निदान तीन वेळा झालेली मुले त्यांना सुमारे दहात एक आढळली. त्यांतील बहुतेकांच्या पोटात कोणताही शारीरिक आजार सापडला नाही. वेदना बेंबीपासून जितकी दूर, तितकी शारीरिक विकाराची शक्यता अधिक, हा त्यांचा ठोकताळा आम्ही डॉक्टर आजही ध्यानात ठेवतो.

शारीरिक विकार नाही याचा अर्थ वेदना नाही असा होत नाही. आपल्या आतड्यांच्या भिंतींत मज्जापेशींचे दाट जाळे असते आणि मेंदूशी त्याचे अखंड दळणवळण चालू असते. भीती वाटली की मेंदू धोक्याचा इशारा देतो, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात वाढतात, आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणारा ताणही वेदना म्हणून जाणवू लागतो. 'पोटात गोळा आला' असे आपण म्हणतो, त्यात शरीरशास्त्र आहेच. मोठ्या माणसाला हा गोळा मुलाखतीपूर्वी येतो आणि मुलाखत संपली की विरतो. ज्या मुलाला दर पंधरा दिवसांनी एका प्रिय माणसाच्या घरून दुसऱ्या प्रिय माणसाच्या घरी जाताना परीक्षा द्यावी लागते, त्याचा गोळा विरायला सवडच मिळत नाही. कोणाचे पोट दुखते, कोणाचे डोके, कोणी रात्री अंथरूण ओले करू लागते, कोणाची झोप मोडते, कोणाचे अक्षर बिघडते.

घटस्फोट की भांडण?

'मुलांसाठी तरी एकत्र राहा' असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्यामागे सद्भाव असतो, परंतु मुलांना नेमके काय बाधते हे त्यात नीट पाहिलेले नसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १४०० कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांतील काहींचा मागोवा तर त्यांनी तीन दशके घेतला. २००२ मध्ये ग्रंथरूपाने त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार, घटस्फोटित कुटुंबांतील सुमारे २५ टक्के मुलांमध्ये गंभीर भावनिक किंवा सामाजिक अडचणी आढळल्या. घटस्फोट न झालेल्या कुटुंबांत हे प्रमाण १० टक्के होते. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की, घटस्फोटित कुटुंबांतील चारांपैकी तीन मुले सावरली आणि नीट वाढली.

मग कोणती मुले अडखळतात? कॅलिफोर्नियात झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रिस्टी ब्युकॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घटस्फोटित आईवडिलांच्या पाचशेहून अधिक किशोरवयीन मुलांशी संवाद साधला. 'आपण दोघांच्या मध्ये अडकलो आहोत' ही भावना ज्यांच्यात तीव्र होती, त्यांच्यात उदासी, चिंता आणि वर्तनातील बिघाड अधिक दिसला. ही भावना वाढवणारी गोष्ट होती पालकांमधले वैर आणि असहकार. ज्या मुलांची आई आणि वडील दोघांशीही जवळीक होती, त्यांना असे अडकल्यासारखे कमी वाटत होते.

मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. न्यायालयाचा निकाल लागतो त्या दिवशी विवाह संपतो. भांडण संपतेच असे नाही. ते उरले आणि मुलाच्या मार्फत चालू राहिले, तर त्याची किंमत मूल स्वतःच्या शरीराने चुकवते. आणि हे थांबवणे, घटस्फोट झाल्यानंतरही, पूर्णपणे आपल्या हातात असते.

'ताबा' आणि कल्याण

आपल्या बोलण्यात मुलाच्या बाबतीत 'ताबा' हा शब्द रूढ झाला आहे. शेताचा ताबा, सदनिकेचा ताबा आणि मुलाचा ताबा. शब्दच असा की एकाने घेतला म्हणजे दुसऱ्याने गमावला. कायद्याची दृष्टी मात्र याहून व्यापक आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे. परंतु त्याच कायद्याचे तेरावे कलम सांगते की पालकाची नेमणूक करताना अज्ञान मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार राहील. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या सव्विसाव्या कलमात, शक्य असेल तेथे मुलाची इच्छा लक्षात घेण्याची तरतूद आहे, आणि परिस्थितीनुसार आदेशात बदल करण्याचीही आहे. अन्य धर्मीयांनाही लागू होणाऱ्या १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमातही मुलाचे हित हाच निकष आहे. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशकांची व्यवस्था असते. निकालानंतरही भेटीगाठींबाबत तंटा उद्भवला, तर तेथे दाद मागता येते. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त पालकत्वाच्या पर्यायाचा पुरस्कार केला आहे.

भेटीचा आदेश हा आईचा विजय किंवा वडिलांचा पराजय नसतो. ती मुलाच्या गरजेची नोंद असते. तो आदेश फ्रीजवर लावलेल्या लसीकरणाच्या तक्त्यासारखा पाहावा, असे मी पालकांना सांगतो. लस चुकवून आपण कोणाला धडा शिकवत नाही. नुकसान मुलाचेच होते.

वयाप्रमाणे मन

मूल लहान आहे, त्याला काय कळते, हा समज प्रथम काढून टाकावा. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात सहा ते बारा महिने वयाच्या बाळांना झोपेत असताना रागीट स्वर ऐकवून त्यांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण करण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्या घरांत भांडणे अधिक होती तेथील बाळांच्या मेंदूत, ताणाशी निगडित भागांचा प्रतिसाद अधिक तीव्र दिसला. झोपलेले बाळसुद्धा स्वर ओळखते.

तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला आपल्या दिनक्रमाचा आधार असतो. त्याच्यासाठी दुसऱ्या पालकाच्या भेटी थोड्या वेळाच्या पण वरचेवर असाव्यात. त्याची चादर, त्याचे खेळणे, झोपताना म्हणायचे गाणे दोन्ही घरांत तेच असावे.

तीन ते सहा या वयात मूल जगाच्या केंद्रस्थानी स्वतःला मानते. 'मी दूध सांडलं म्हणून बाबा गेले' असा हिशेब ते मनात मांडते आणि कोणाला सांगत नाही. 'हे तुझ्यामुळे झालेलं नाही' हे वाक्य या वयात एकदा सांगून भागत नाही. दहा वेळा, वेगवेगळ्या निमित्ताने सांगावे लागते. सहा महिने कोरडे राहणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर त्याला रागावू नये. लघवीतील जंतुसंसर्ग आणि मधुमेह नाही ना याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी आणि मग घरातील ताणाकडे वळावे.

सहा ते अकरा वर्षांचे मूल न्यायनिष्ठ असते. कोण चूक, कोण बरोबर, याचा निवाडा त्याला हवा असतो. त्याच वेळी आईबाबा पुन्हा एकत्र येतील ही आशाही ते जपत असते. आपण आजारी पडलो की दोघे एकत्र येतात हे त्याला एकदा दिसले, तर आजारपण त्याच्या आशेच्या कामी लागते. शुक्रवारची पोटदुखी सर्वाधिक दिसते ती याच वयात.

बारा वर्षांपुढील मूल वरून बेफिकीर आणि आतून संतप्त असते. मुलगा असेल तर नातेवाईक सांगतात, "आता तूच घरातला कर्ता." मुलगी असेल तर ती आईची मैत्रीण, सल्लागार आणि रात्री डोळे पुसणारी होते. दोघांचेही बालपण येथे अवेळी संपते.

मुलाला चार कामांतून मोकळे करा

पहिले काम टपालवाल्याचे. "बाबांना सांग, फी भरायची राहिली आहे." "आईला सांग, रविवारी उशीर होईल." निरोप साधा असला तरी तो ऐकणाऱ्याची कपाळावरची आठी मुलाला झेलावी लागते. फी, पोटगी, औषधे, वेळा यांविषयी पालकांनी थेट एकमेकांना लिहावे. बोलणे अशक्य असेल तर मोबाइलवर दोन ओळींचा संदेश पाठवावा. विषय मुलाचा, भाषा कार्यालयीन, जुने उल्लेख शून्य.

दुसरे काम हेराचे. "तिकडे कोण आलं होतं? नवीन गाडी घेतली का?" असे प्रश्न मूल घरात पाऊल टाकताच विचारू नयेत. "आलास? हातपाय धू, गरम गरम वरणभात वाढते," एवढे पुरे. ज्याला सांगायचे आहे ते मूल जेवताना आपणहून सांगते.

तिसरे काम पंचाचे. "तूच सांग, चूक कोणाची?" किंवा "तुला कोण जास्त आवडतं?" हे प्रश्न थट्टेतही नकोत. "अगदी बापाच्या वळणावर गेलास," हे वाक्य तर आपल्या घरांतून हद्दपार व्हायला हवे. मुलाला ठाऊक असते की आपले नाक बाबांचे आणि हसणे आईचे आहे. त्यातील एकाला वाईट म्हटले की त्याला स्वतःचा अर्धा भाग वाईट वाटू लागतो.

चौथे काम आधारस्तंभाचे. आईने किंवा वडिलांनी मुलासमोर कधी रडूच नये असे मी म्हणणार नाही. आपण माणसे आहोत. परंतु कोर्टाचे कागद, पैशांची चणचण, विश्वासघाताच्या कहाण्या यांचे ओझे बहिणीजवळ, मित्राजवळ, समुपदेशकाजवळ उतरवावे. मुलाला एवढेच सांगावे : "मला आज वाईट वाटतंय, पण माझी काळजी घ्यायला मोठी माणसं आहेत. तू खेळायला जा."

हे नियम आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-आत्या यांनाही लागू आहेत. घरातील वडीलधाऱ्यांचा राग पुष्कळदा आईवडिलांच्या रागापेक्षा अधिक काळ टिकतो. "असतील तिकडचे कसेही, पण पोराला भेटायची ओढ आहे ना, मग पुरे," असे म्हणणारी एक आजी दहा समुपदेशकांचे काम करते.

निरोप, सण आणि न आलेला पालक

मूल एका घरून दुसऱ्या घरी जाते तो क्षण सर्वांत नाजूक. बसस्थानकावर, सोसायटीच्या फाटकाशी, मुलाची पिशवी हातात असतानाच जुने वाद उकरले जातात. शक्य असेल तर हा बदल शाळेच्या मार्फत करावा. सकाळी एकाने शाळेत सोडावे, सुटल्यावर दुसऱ्याने घ्यावे. दोघांची समोरासमोर गाठ पडत नाही आणि मधल्या वेळात मुलाचे मन शाळेत रमते. शाळेच्या वर्गशिक्षकांना परिस्थितीची मोजकी कल्पना द्यावी, दोघांचेही फोन क्रमांक नोंदवावेत. मुलाचे कपडे, दात घासायचा ब्रश, नेहमीची औषधे दोन्ही घरांत स्वतंत्र असावीत. मूल दोन्ही घरांचे आहे असे त्याला त्यातून उमगते. आणि एका घरचा फ्रॉक दुसऱ्या घरात घालता आला पाहिजे. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टीत मुलाचे बरेच काही गुंतलेले असते.

गौरी-गणपती कोणाकडे, दिवाळीचे कोणते दिवस कोठे, वाढदिवस कसा, हे वर्षाच्या आरंभीच ठरवावे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुलाच्या हाताने खुणा करून घ्याव्यात. पुढे काय होणार हे माहीत असले की निम्मी चिंता ओसरते.

कधीकधी येणारा पालक येतच नाही. मूल तयार होऊन खिडकीशी बसते, अंधार पडतो. अशा वेळी "मी म्हटलं नव्हतं?" हे शब्द ओठांवर येतात. ते गिळावेत. त्याच्या बाबांची वकिली करण्याचीही गरज नाही. "तू वाट पाहिलीस, वाईट वाटणारच. ते का आले नाहीत मला माहीत नाही. तुझ्यात काही कमी आहे म्हणून असं झालेलं नाही," एवढे सत्य त्याला पुरते. आणि जे पालक भेटीला जातात त्यांना माझी विनंती आहे : जमणार नसेल तर आदल्या दिवशी मुलाशी स्वतः बोला. महागडे खेळणे न दिल्याने मुलाचे काही अडत नाही. पाळलेली वेळ त्याच्या कायम लक्षात राहते.

"समोरचा ऐकतच नाही, मग मी एकट्याने काय करू?"

दवाखान्यात सर्वाधिक वेळा ऐकू येणारा प्रश्न हाच. माझा अनुभव असा की एका घरातील शांततेचाही मुलाला मोठा लाभ होतो. दुसऱ्या घरात आपल्याविषयी वाईट बोलले जाते हे मुलाकडून कळले, तर खुलासे देऊ नयेत, उलट वार करू नये. "हे ऐकून तुला कसं वाटलं?" असे विचारावे आणि ऐकून घ्यावे. मग म्हणावे, "मोठ्यांच्या रागातलं बोलणं ते. तुला त्यात पडायचं कारण नाही. तुझं बाबांवर प्रेम असलं तर मला ते आवडतं." हे शेवटचे वाक्य पहिल्यांदा उच्चारताना घसा कोरडा पडतो. तरीही म्हणावे. कारण मुलाला औषधापेक्षा परवानगीची गरज असते : दोघांवर प्रेम करण्याची परवानगी.

ज्यांचे अजिबात पटत नाही अशांनी मैत्रीचा देखावा करण्याचीही आवश्यकता नाही. दोन घरांचे दोन कारभार असू द्यावेत. झोपण्याची वेळ, औषधे आणि अभ्यास एवढ्यांवर एकमत असले तरी चालते.

भीती असेल तेथे वेगळा विचार

आतापर्यंतचे सारे विवेचन ज्या घरांत मूल दोन्हीकडे सुरक्षित आहे त्यांच्यासाठी आहे. मारहाण, लैंगिक छळ, व्यसनाच्या भरातील हिंसा यांची शंका असेल तर 'दोघांशी नाते टिकवा' हा उपदेश लागू होत नाही, सुरक्षितता आधी. मूल जायला नकार देत असेल तर त्याला ढकलू नका आणि पढवूही नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, आणि भेटीची पद्धत बदलण्यासाठी, उदाहरणार्थ देखरेखीखाली भेट व्हावी म्हणून, न्यायालयाकडे अर्ज करा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. डॉक्टरही त्याला अपवाद नाहीत. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पोटदुखीने मूल रात्री झोपेतून जागे होत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, वारंवार उलट्या किंवा ताप येत असेल, वेदना बेंबीपासून दूर एका जागी असेल, तर कारण ताणाचे मानून स्वस्थ बसू नका. शारीरिक तपासणी आवश्यक आहे. त्याचप्रमाणे, झोप, भूक, अभ्यास किंवा मैत्री यांतील बिघाड दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला, मूल शाळेत जाणेच टाळू लागले, किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा आशयाचे काही बोलले, स्वतःला इजा करू लागले, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस ही शासनाची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

डॉक्टरांकडे जाताना दोघांनाही तपासणीची माहिती मिळेल अशी व्यवस्था करा. आणि आम्हा डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेऊन त्याचे हत्यार करू नका. मी आता असे प्रमाणपत्र देण्यापूर्वी केसपेपरवरच्या तारखा पाहतो आणि दुसऱ्या पालकाला कळवले आहे का, असे विचारतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

मी दोन्ही पालकांना वेगवेगळ्या दिवशी बोलावले आणि मुलीचे गुपित न फोडता तिच्या पोटाचे निदान सांगितले. आई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तिला छळत होते?" मी म्हटले, "नाही. आपण सगळेच तिला विचारत होतो, तिचं ऐकत नव्हतो." दोघांनी एक वही सुरू करावी, ती मुलीच्या दप्तरातून इकडून तिकडे जावी, असे मी सुचवले. ही माझी दुसरी चूक. महिन्याभरात वहीत टोमणे उमटले आणि ते प्रथम वाचले ते मुलीने. वही बंद केली, थेट मोबाइलवर संदेश सुरू झाले. कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशकांकडे दोघे काही वेळा गेले. आत्यांशी वडील स्वतः बोलले. पोटदुखी एका रात्रीत गेली नाही. आधी शुक्रवारचा शनिवार झाला, मग महिन्यातून एकदा, मग कधीतरी. आईवडील आजही एकमेकांशी गरजेपुरतेच बोलतात. तेवढे पुरले.

अलीकडेच ती शाळेच्या क्रीडास्पर्धेसाठी तंदुरुस्तीचा दाखला न्यायला आली होती. आता पंधरा वर्षांची, आईपेक्षा उंच. आई न सांगताच बाहेर बाकावर बसल्या. वजन, रक्तदाब पाहून झाल्यावर मी सहज विचारले, "आणि पोट काय म्हणतं?"

"दुखतं ना डॉक्टरकाका," ती म्हणाली, "गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी."

मी दाखल्यावर सही केली. त्या वयाच्या कोणत्याही मुलीचे दुखावे, तसे ते दुखणे होते.